शिलालेखांच्या छायाचित्रांकरितां एचडीआर सॉफ्टवेअरची निवड

जुने लेख धुंडाळणाऱ्यांपैकीं बहुतेकांच्या हातीं आतां कॅमेरा आला आहे. पूर्वीं ठसा घ्यावयाचा म्हणजे कागद, शाई, बुरूस आणि त्या कामांत मुरलेला मनुष्य बरोबर न्यावा लागे. आज लेख पाहावयास गेलेला गृहस्थ दहा मिनिटांत चित्रें घेऊन परततो व संध्याकाळीं संगणकाच्या पडद्यावर वाचन करीत बसतो. सोय मोठी आहे, परंतु तिच्याबरोबर एक अडचणही आली आहे. अंधाऱ्या मंडपांत किंवा लेण्यांत घेतलेलें चित्र दाराच्या बाजूस पांढरें फटफटीत तरी होतें, नाहीं तर भिंतीच्या बाजूस काळें ठिक्कर तरी पडतें. हा दोष घालविण्याकरितां एकाच दृश्याचीं कमी-अधिक उजेडाचीं अनेक चित्रें घेऊन तीं एकत्र करण्याची जी रीति रूढ झाली आहे तिला एचडीआर म्हणतात. हें काम करणारीं सॉफ्टवेअर आज इतकीं आहेत कीं, त्यांतलें कोणतें पत्करावें हें नवशिक्यास उमगत नाहीं, व तशी विचारणा आमच्याकडेही वारंवार होते.

आम्ही छायाचित्रकार नव्हों. संस्कृत शिकविण्यांत उमर गेली, आणि कॅमेरा हातीं धरिला तो पेन्शन झाल्यावर. तथापि ह्या विषयांत एकदां आमची जी फसगत झाली तिनें आम्हांस दोन वर्षें विचार करावयास लाविलें, आणि त्या विचाराचें फळ वाचकांपुढें ठेवावें असें वाटल्यावरून हा लेख लिहिला आहे. प्रथम ती हकीकत सांगतों.

आमच्या गांवापासून चार कोसांवर एक जुनें देऊळ आहे. त्याच्या मंडपांतील एका तुळईवर तीन ओळींचा देवनागरी लेख आहे. पहिल्या ओळींत शक, संवत्सर व तिथि. पुढें जीर्णोद्धार करविणाराचें नांव. अक्षरें उथळ, झिजलेलीं, त्यांत चुन्याचीं पुटें चढलेलीं. आम्ही भर दुपारीं गेलों. अंगणांत लख्ख ऊन, तुळईवर अंधार. तीन चित्रें घेतलीं, घरीं येऊन एका सॉफ्टवेअरच्या स्वाधीन केलीं, आणि त्यानें पुढें मांडलेल्या तयार नमुन्यांपैकीं सर्वांत ठसठशीत दिसला तो निवडला. तुळई जणूं कालच टांकी लावून सोडली आहे असें चित्र निघालें. शकाचा आंकडा १५९७ असा स्वच्छ वाचतां आला. संवत्सराच्या नांवांतील एकच जोडाक्षर शिल्लक होतें. तें आम्हीं 'क्ष' धरिलें, कारण शके १५९७ चा संवत्सर राक्षस. शिवछत्रपतींचा राज्याभिषेक शके १५९६ आनंद संवत्सरीं झाला; त्याच्या पुढच्याच वर्षाचा जीर्णोद्धाराचा लेख आपल्या तालुक्यांत सांपडावा ह्याचा आम्हांस इतका हर्ष झाला कीं, टिपण लिहून तें लागलेंच एका वडीलधाऱ्या स्नेह्यांकडे पाठविलें. त्यांचें उत्तर एका ओळीचें आलें: "मूळ तीन चित्रें पाठवावीं." तीं आमच्याजवळ नव्हतीं. एकत्र चित्र सिद्ध झाल्यावर उगाच जागा अडते म्हणून तीं आम्हींच पुसून टाकिलीं होतीं.

मग पुन्हां देवळांत जाणें भाग पडलें. ह्या खेपेस पहाटे गेलों, विजेरी तुळईच्या एका अंगास अगदीं टेकवून धरिली आणि ओल्या कागदावर ठसाही घेतला. तिसऱ्या स्थानचा अंक १ होता. त्याच्या डाव्या अंगास दगडाची एक लहानशी खपली उडालेली होती, व त्या खपलीची कड आणि अंकाचा वळसा ह्यांच्यामध्यें बोटाच्या नखाएवढा भाग अगदीं कोरा होता. त्या कोऱ्या भागावर सॉफ्टवेअरनें काळी कड ओढून दोहोंस जोडलें आणि एकाचे नऊ केले. जोडाक्षर 'न्म' निघालें. शके १५१७ चा संवत्सर मन्मथ. तेव्हां मेळ बसला. इ. स. १५९५-९६, म्हणजे अहमदनगरच्या किल्ल्यास मोगलांचा वेढा पडला तें वर्ष. ऐंशीं वर्षांचा फरक! आणि तो छापला गेला असता तर पुढें कोणी तरी त्याचा आधार देऊन राज्याभिषेकोत्तर जीर्णोद्धारांची यादी वाढविली असती. सॉफ्टवेअरनें अंक बनविला हें खरें. परंतु तो आम्हांस हवा तसा बनला म्हणूनच आम्हीं तो तपासला नाहीं, हेंही तितकेंच खरें.

आतां हें घडतें कसें तें पाहूं. कॅमेऱ्याचा संवेदक एका वेळीं मर्यादित उजेड-अंधार झेलूं शकतो. उजेड दुप्पट झाला म्हणजे एक पायरी. छायाचित्रकार तिला स्टॉप म्हणतात. दहा पायऱ्या म्हणजे १०२४ पट, चौदा पायऱ्या म्हणजे १६३८४ पट. मोठ्या संवेदकाचा आजचा चांगला कॅमेरा रॉ स्वरूपांत सुमारें चौदा पायऱ्या टिपतो; परंतु तेंच चित्र जेपेगमध्यें साठविलें कीं प्रत्येक रंगाच्या २५६ छटाच उरतात, व अंधारांतला बराचसा ऐवज तेथेंच गडप होतो. ह्यावरून पहिली गोष्ट अशी निघते कीं, ज्याच्या कॅमेऱ्यांत रॉची सोय आहे त्यानें आधीं एकच रॉ चित्र घेऊन त्यांतील अंधारा भाग उजळून पाहावा. पुष्कळ ठिकाणीं तेवढ्यानें काम भागतें आणि एचडीआरची गरजच राहत नाहीं. नाणेघाटांतल्यासारख्या लेण्यांत मात्र, जेथें उजेड केवळ तोंडानें आंत येतो आणि लेख आजूबाजूच्या भिंतींवर आहेत, तेथें एका चित्रानें भागेलच असें नाहीं. तेथें ट्रायपॉडवर कॅमेरा घट्ट बसवावा, भिंगाचें द्वार व आयएसओ स्थिर ठेवावे आणि केवळ शटरचा काळ बदलून, उदाहरणार्थ १/६०, १/१५ व १/४ सेकंद, अशीं दोन-दोन पायऱ्यांच्या अंतरानें तीन चित्रें घ्यावीं. बोटाच्या धक्क्यानें कॅमेरा हलूं नये म्हणून टायमर लावावा.

अनेक चित्रांचें एक करण्याची कल्पना नवी नाहीं. फ्रान्समध्यें गुस्ताव ल ग्रे ह्यानें १८५० नंतरच्या दशकांतच समुद्राची एक व आकाशाची एक अशा दोन निगेटिव्ह जोडून समुद्रदृश्यें छापलीं. संगणकावरील रीति मात्र दोन आहेत, आणि त्यांतला भेद निवडीच्या मुळाशीं असल्यामुळें तो नीट ध्यानांत घेतला पाहिजे. पहिली १९९७ सालीं पॉल डेबेव्हेक व जितेंद्र मलिक ह्यांनीं मांडली. तींत सर्व चित्रांवरून प्रत्येक ठिकाणचा प्रत्यक्ष उजेड किती होता ह्याचें गणित करून एक मोठी नोंद तयार होते. ही नोंद पडद्यावर किंवा कागदावर जशीच्या तशी मावत नाहीं. म्हणून तिच्यांतल्या छटांची पुन्हां वाटणी करावी लागते, तिला टोन मॅपिंग म्हणतात. दुसरी रीति २००७ सालीं टॉम मर्टेन्स, यान काउट्झ व फ्रँक व्हान रीथ ह्यांनीं प्रसिद्ध केली. तींत असली नोंद बनतच नाहीं. प्रत्येक चित्रांतला नीट उजळलेला भाग अधिक वजन देऊन घेतला जातो व सर्वांचें मिश्रण केलें जातें. हिला एक्स्पोझर फ्यूजन असें नांव आहे.

घोटाळा होतो तो टोन मॅपिंगच्या वेळीं. छटांची वाटणी सबंध चित्रावर एकाच नियमानें केली तर चित्र थोडें फिकें दिसतें, पण कोणत्याही दोन ठिकाणांमधील उजेड-अंधाराचा क्रम बदलत नाहीं. उलट प्रत्येक ठिकाणीं त्याच्या शेजाराकडे पाहून वाटणी केली तर बारीकसारीक तपशील उठून दिसतो, परंतु काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर मुळांत नसलेली उजळ अथवा काळी कड उमटते. इंग्रजी जाणणारे तिला हॅलो म्हणतात. आम्ही मूर्तीच्या मागील प्रभावळीवरून तिला प्रभावळच म्हणतों. निसर्गदृश्यांत ही प्रभावळ फार तर डोळ्यांस खुपेल. शिलालेखाची गोष्ट निराळी आहे. दगडांत कोरलेलें अक्षर म्हणजे चित्रांत छायेच्या फरकापलीकडे दुसरें कांहींच नसतें. आणि शेजारच्या छायांचा फरक स्वतःच्या अकलेनें वाढविणारें सॉफ्टवेअर हें त्या प्रमाणांत स्वतःच अक्षर लिहीत असतें.

संस्कृत ग्रंथांच्या संपादनाशीं ज्यांचा परिचय आहे त्यांस ह्यांत नवल वाटूं नये. एका दृश्याचीं तीन चित्रें म्हणजे एका ग्रंथाच्या तीन प्रति. एकींत पहिलीं पानें गेलेलीं, दुसरींत शेवटचीं, तिसरी मध्यें खाल्लेली. त्या ताडून पाहणें हें एक काम आणि त्यांवरून पाठ ठरवून मांडणें हें दुसरें. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तींत संशयित पाठाखालीं नागमोडी रेघ आहे, तळटीपांत पाठभेद आहेत. संपादकानें काय केलें तें वाचकास तपासतां येतें. जें सॉफ्टवेअर तीन प्रति घेऊन, पाठभेद गिळून, संशयाची रेघ न ओढतां एक गुळगुळीत पाठ हातीं ठेवतें, तें आमच्या मतें वाईट संपादक होय, मग त्याचें चित्र कितीही मनोहर असो.

ह्या दृष्टीनें प्रचलित सॉफ्टवेअरकडे पाहूं. फोटोमॅटिक्स हें ह्या क्षेत्रांतलें जुनें व प्रसिद्ध नांव. त्यांत दोन्ही रीति आहेत, हा गुण. न विकत घेतां वापरून पाहण्याची सोय आहे, फक्त चित्रावर पाण्याची खूण उमटते. शिकण्यास तेवढें पुरे. त्यांतील डिटेल्स एन्हान्सर ही रीति मात्र शेजाराकडे पाहून वाटणी करणारी आहे. लेखाच्या चित्रास तिच्यापासून दूर ठेवावें आणि फ्यूजनवरच थांबावें. अडोबी कंपनीच्या लाइटरूममध्यें एचडीआर जोडणी २०१५ सालीं आली. ती डीएनजी ह्या स्वरूपांत निराळी फाइल करून देते, मूळ चित्रांस हात लावीत नाहीं, आणि पुढें केलेला प्रत्येक फेरफार परत काढतां येतो. वर्गणी भरीत राहावें लागतें ही तिची अडचण, व पेन्शनीत माणसास ती लहान नाहीं. ज्याच्या घरीं मुलानें किंवा सुनेनें ती आधींच घेतली असेल त्यानें दुसरें शोधूं नये.

फुकट मिळणाऱ्यांत एचडीआरमर्ज हें आम्हांस सर्वांत रुचलें, आणि त्याचें कारण त्याचें दारिद्र्यच आहे. रॉ चित्रें घेऊन त्यांची एक डीएनजी फाइल करणें ह्यापलीकडे तें जवळजवळ कांहीं करीत नाहीं. एकही तयार नमुना नाहीं. पुढील उजळणी रॉथेरपी किंवा डार्कटेबल ह्या दुसऱ्या फुकट सॉफ्टवेअरमध्यें आपल्या हातानें करावी लागते. प्रति ताडणें निराळें व पाठ मांडणें निराळें हा भेद येथें आपोआप पाळला जातो. नवशिक्यास जी गैरसोय वाटते तीच संशोधकाची सुरक्षितता. ज्यांच्या कॅमेऱ्यांत रॉ नाहीं त्यांनीं एनफ्यूज वापरावें. हेंही फुकट असून वर सांगितलेल्या फ्यूजनच्या रीतीनें चालतें व हगिन ह्या सॉफ्टवेअरबरोबर येतें. ल्युमिनन्स एचडीआर ह्यांत टोन मॅपिंगच्या अनेक रीति त्यांच्या कर्त्यांच्या नांवांनीं दिलेल्या आहेत, मांतिउक, फत्ताल, ड्रागो, राइनहार्ड इत्यादि. एकच चित्र ह्या सर्वांतून काढून शेजारीं शेजारीं मांडलें असतां एकाच दगडाचीं किती रूपें होऊं शकतात तें कळतें. विद्यार्थ्यानें तें एकदां अवश्य करावें. छापण्याचें काम मात्र त्यांत करूं नये.

सॉफ्टवेअरच्या आयुष्याचाही विचार करावा लागतो. ऑरोरा एचडीआर हें नवशिक्यांचें मोठें आवडतें होतें. २०१९ ह्या नांवाच्या आवृत्तीनंतर त्याची नवी आवृत्ति निघाली नाहीं, व कंपनीनें तें काम आपल्या दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे वळविलें. निक संचांतील एचडीआर एफेक्स २०१२ सालीं गूगलकडे गेलें, २०१६ मध्यें फुकट झालें आणि २०१७ मध्यें डीएक्सओ कंपनीनें विकत घेतल्यावर पुन्हां पैशाचें झालें. संग्राहकाची मुदत दहा-पांच वर्षांची नसते. तीनशें वर्षांची पोथी ज्यानें सांभाळली त्यानें चित्रही पुढल्या पिढीस उघडतां येईल अशा स्वरूपांत ठेविलें पाहिजे. तेव्हां जें सॉफ्टवेअर आपलें काम केवळ स्वतःच्याच खास फाइलींत कोंडून ठेवतें, तें टाळावें; मूळ रॉ, जोडलेली डीएनजी व शेवटचें टिफ हीं तिन्ही ज्याच्या बाहेर काढतां येतात तें पत्करावें.

मोबाइलविषयीं दोन शब्द. हल्लींचे बहुतेक मोबाइल न विचारतां स्वतःच अनेक चित्रें घेऊन जोडतात व जोडलेलें तेवढें हातीं देतात. देवळाच्या नुसत्या दर्शनी चित्रास तें उत्तम. वाचनाच्या कामीं मोबाइल वापरावयाचाच असेल तर त्यांत रॉ घेण्याची सोय आहे कीं नाहीं तें पाहून तीच वापरावी.

कोणतेंही सॉफ्टवेअर घेण्यापूर्वीं आम्ही एक परीक्षा करितों व तीच इतरांस सुचवितों. त्याच देवळांतल्या, त्याच दगडाच्या, पण जेथें कांहींही कोरलेलें नाहीं अशा झिजक्या भागाचीं तीन चित्रें घ्यावीं आणि सॉफ्टवेअरला द्यावीं. कोऱ्या दगडावर काने, मात्रा व अनुस्वार दिसूं लागले तर तो नमुना त्या कामास नालायक समजावा. आमच्या पहिल्या सॉफ्टवेअरच्या त्या ठसठशीत नमुन्यानें ह्या परीक्षेंत एका घटकेंत दोन 'श्री' आणि एक 'क' काढून दाखविला! ह्याच्या उलट परीक्षा म्हणजे ज्याचा ठसा व वाचन पूर्वीं प्रसिद्ध आहे अशा लेखाचें चित्र घेऊन तें ठशाशीं अक्षरशः ताडणें. दोन्ही परीक्षांस मिळून एक दिवस पुरतो.

सॉफ्टवेअरमध्यें 'डीघोस्टिंग' म्हणून एक कळ असते. चित्रें घेतांना कांहीं हललें असल्यास त्या भागापुरतें एकच चित्र घेऊन ठिगळ लावण्याची ती युक्ति आहे. दगड हलत नाहीं. ती बंद ठेवावी. पाकोळी मध्यें आली तर चित्रें पुन्हां घ्यावीं.

पोथ्यांच्या संग्राहकांस मात्र स्पष्ट सांगितलें पाहिजे कीं, साध्या पोथीच्या पानास एचडीआरचें कांहीं प्रयोजन नाहीं. कागद व शाई ह्यांच्या उजळपणांत साधारणतः चार-पांच पायऱ्यांचाच फरक असतो आणि तो कोणत्याही कॅमेऱ्याच्या एका चित्रांत मावतो. दोन बाजूंनीं सारखा उजेड व शेजारीं रंगपट्टी एवढें पुरे. सोनेरी वेलबुट्टीच्या पोथ्या आणि ताम्रपट हे अपवाद. तेथें चकाकी व अक्षरांतली सावली ह्यांमध्यें खरोखरच मोठें अंतर पडतें. पण तेथेंही आधीं उजेड पांढऱ्या धुवट कापडांतून गाळून घ्यावा. अर्धी चकाकी तेथेंच मरते, व मग तीन चित्रांचें फ्यूजन केलें तर चित्र स्वच्छ येतें. पुसट झालेली काजळाची शाई वर आणण्यास हें साधन नव्हे; ती अवरक्त प्रकाशांत घेतलेल्या चित्रांत अधिक काळी दिसते, आणि तो विषय निराळा आहे. त्याचप्रमाणें झिजलेल्या शिलालेखास तिरक्या उजेडाइतकें दुसरें औषध नाहीं. आम्हीं पहाटे विजेरी आडवी धरिली तेव्हां जें क्षणांत दिसलें तें दुपारच्या तीन चित्रांत नव्हतेंच. आणि जें चित्रांत आलें नाहीं तें कोणतेंही सॉफ्टवेअर प्रामाणिकपणें काढून देऊं शकत नाहीं.

चित्र प्रसिद्ध करतांना त्याखालीं तें किती चित्रांवरून, कोणत्या सॉफ्टवेअरच्या कोणत्या आवृत्तीनें व कोणत्या रीतीनें जोडलें हें एका ओळींत लिहावें, अशी आमची संपादकांस विनंति आहे. ठशाखालीं तो कोणीं व केव्हां घेतला हें आपण लिहितोंच. मूळ चित्रें न पुसण्याविषयीं वेगळें सांगावयास नको.

वर उल्लेखिलेल्या लेखाचा ठसा, दुसऱ्या खेपेस घेतलेलीं पांच मूळ चित्रें, त्यांवरून एचडीआरमर्जनें केलेली डीएनजी आणि आमच्या फसगतीचें तें पहिलें जोडचित्र, हीं सर्व आम्हीं मंडळाच्या दप्तरीं दिलीं आहेत. ज्यांस १ व ९ चा घोटाळा स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावयाचा असेल त्यांनीं तीं मागवून पाहावीं. लेखाच्या तिसऱ्या ओळींतील दोन अक्षरें अद्याप लागलेलीं नाहींत. कोणास लागल्यास आम्हांस अवश्य कळवावें.